मॉडीनने रंगवलेले मासे

डेल्बर्ट सॅटरफील्ड यांचं मी जे नुकसान केलं, ते अत्यंत नीटनेटकेपणाने केलं. गबाळ्या माणसाच्या हातून ते झालंच नसतं.

बास मासा पकडायच्या नकली आमिषांच्या मुख्य जाती दोन. एक मऊ, म्हणजे रबरी गांडुळं, सरडे वगैरे मंडळी. दुसरी कडक, म्हणजे लाकडाचे रंगवलेले मासे. या दोघांना एका खणात ठेवायचं नाही, हे आमच्या उत्तर अलाबामात पोराला बुटाची नाडी बांधता येण्याआधी कळतं. रबरात एक तेल मुरवलेलं असतं, ते रंगाला लागलं की रंग विरघळतो, आणि उन्हाळा असेल तर विचारूच नका. मी इथेच जन्मलो, इथल्याच शाळेत सव्वीस वर्षं गणित शिकवतोय, आणि त्यातली वीस वर्षं दर शनिवारी मिस्टर डेल्बर्टच्या बोटीत बसतोय. तरीही ऑगस्टातल्या एका शनिवारी "मास्तर, जरा माझे डबे लावून दे" असं ते म्हणाले तेव्हा मी सगळी आमिषं लांबीप्रमाणे लावली. तीन इंची तिनांत, चार इंची चारांत. गणिताच्या माणसाला लांबी दिसते, जात दिसत नाही. वर तो मुख्य डबा "घरी नेऊन नीट पुसून आणतो" म्हणून मी घेऊन गेलो आणि आठवडाभर पिकअपच्या पुढच्या काचेखाली विसरलो.

उघडला तेव्हा चौदा मासे आणि तीसेक गांडुळं मिळून एक जांभळा मुरांबा झाला होता. काही माशांचे डोळे ओघळून शेजाऱ्याच्या पाठीवर जाऊन बसले होते.

चौदाच्या चौदा मासे मिस मॉडीननी, म्हणजे मिस्टर डेल्बर्टच्या बायकोने (आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही मिसच म्हणतात), रंगवलेले होते. मिस मॉडीन जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांनी रंगवलेला दुसरा एकही मासा घरात उरलेला नव्हता.

आणि नेमक्या त्याच वर्षी ते मासे लागणार होते. मिस्टर डेल्बर्टच्या दोन्ही डोळ्यांच्या मधोमध काही वर्षांपासून वाढत आलेला धुरकट डाग वसंतापर्यंत पक्का झाला होता. कडेकडेचं दिसायचं, समोरचं नाही. "मी कुणाकडे बघत नसलो की समज, त्याच्याकडेच बघतोय," ते सांगायचे. मुलगी ग्लेंडा नॅशव्हिलला असते. नाताळ झाला की बापाला घेऊन जायचं, घर आणि बोट विकायची, असं तिने ठरवलं होतं. एप्रिलमध्ये ते मला म्हणाले होते, "पोरा, जायच्या आधी एकदा मॉडीनचा मासा घरच्या जागेवर फेकायचाय. ऑक्टोबरात, पाणी गार झालं की. मग मला काही नको. गळाचा रॉड तू घे." पंचाऐंशी वर्षांच्या माणसाने मागितलेली ती एकच गोष्ट होती, आणि मी तिचा मुरांबा केला.

डबा घेऊन गेलो तेव्हा ते ओसरीवर मांडीत पातेलं घेऊन वाटाणे सोलत होते. मी झाकण उघडून पुढे धरलं. त्यांनी आधी वास घेतला, मग बोट बुडवलं.

"काय आहे हे?"

"मासे."

"कुठले?"

"मिस मॉडीनचे."

त्यांनी बोट अंगावरच्या डांगरीला पुसलं.

"झाकण लाव," ते म्हणाले. "माश्या बसतील."

त्यानंतर तीन महिने त्यांनी मला फोन केला नाही. समोर राहणारा माणूस तीन महिने बोलत नाही म्हणजे काय, हे ज्याच्या अंगणातून समोरची ओसरी दिसते त्यालाच कळेल. मी दर शनिवारी सकाळी साडेपाचला उठून, कपडे करून, खिडकीशी उभा राहायचो. त्यांच्या घरात दिवा लागायचा. चहा करून घेत असावेत. मग दिवा जायचा.

आता "घरची जागा" म्हणजे काय ते सांगायला हवं. मिस्टर डेल्बर्ट पाच वर्षांचे होते तेव्हा सरकारने नदीला धरण घातलं आणि त्यांचं शेत तलावाखाली गेलं. घर मोडून लाकूड गाडीवर लादलं, पायऱ्या तेवढ्या सिमेंटच्या होत्या म्हणून राहिल्या. बाप मोज्यांच्या गिरणीत लागला, पुढे मुलगाही लागला, आणि एक्केचाळीस वर्षं मोजे विणायची यंत्रं दुरुस्त करून निवृत्त झाला. पण दर शनिवारी तो बोटीत बसून घरी जायचा. चर्चचा कळस आणि पाण्याची टाकी एका रेषेत धरायची, डावीकडचा लाल कडा कोपरावर घ्यायचा, आणि जिथे दोन्ही जुळतील तिथे नांगर टाकायचा. खाली चौदा फुटांवर पायऱ्या. एका बाजूला नासपतीचा बुंधा, मागे धुराड्याचे दगड. बास माशांना अशी मोडकी घरं फार आवडतात. आसरा असतो, सावली असते, भाडं नसतं.

त्या जागेवरच मिस्टर डेल्बर्ट घडले. गांडूळ टाकायला ते तिथेच शिकले. रबरी गांडूळ ओढायचं नसतं. ते तळाशी ठेवायचं, दोरी सैल सोडायची आणि थांबायचं. किती? "त्याला कंटाळा येईपर्यंत," ते सांगत. "गांडुळाला?" "माशाला. कंटाळला की तो काहीही खातो. माणसाचंही तेच." त्यांची बोलण्याची रीतही तशीच होती. एक वाक्य टाकायचे आणि थांबायचे. समोरचा अस्वस्थ होऊन नको ते बोलून जायचा. गिरणीतल्या दोन मुकादमांनी असेच आपापले गुन्हे कबूल केले म्हणतात.

पण त्यांचा जीव लाकडी माशावर. त्याच्या तोंडाला पुढे पातळ पत्र्याचा एक ओठ असतो, त्याने तो पाणी कापत खाली जातो आणि शेपूट हलवत पळतो. नवखा माणूस त्याला खोडांपासून जपतो. मिस्टर डेल्बर्ट मुद्दाम खोडावर आपटायचे. मासा खोडाला धडकून गडबडला, तिरका झाला, की मागून येणारा बास विचार न करता झडप घालतो. "सरळ चाललेल्याला कोण विचारतं?" असं ते म्हणत. यात अर्थातच मासे अडकतात, दोरी तुटते, आमिष खालीच राहतं. त्यांची किती राहिली असतील, देव जाणे. म्हणजे देव आणि डेल्बर्ट. कारण त्यांना प्रत्येकाची जागा पाठ होती.

लग्नही याच धंद्यातून झालं. तेव्हा शेजारच्या गावात आमिषांचा कारखाना होता, आणि तिथे बायका लांब टेबलाशी बसून माशांचे डोळे रंगवायच्या. चोवीस वर्षांचा डेल्बर्ट एक विकतचा मासा घेऊन तिथे तक्रार करायला गेला.

"हा तिरळा आहे," तो म्हणाला.

टेबलावरच्या मुलीने मासा उलटसुलट करून पाहिला, मग त्याच्याकडे पाहिलं. "मासा ठीक आहे. तुम्ही एकदा डोळे तपासून घ्या."

पुढच्या आठवड्यात तो दुसरा मासा घेऊन गेला. त्यात काहीच खोट नव्हती. "मग आणलात कशाला?" "तुम्हाला खोट काढता येते का ते बघायला." सहा महिन्यांनी लग्न. मिस मॉडीन ही गोष्ट प्रत्येक नाताळाला सांगायच्या, आणि प्रत्येक वेळी शेवटी म्हणायच्या, "मी तेव्हाच सांगितलं होतं डोळे तपासा म्हणून. ऐकतंय कोण!" शेवटच्या वर्षी त्यांनी ती सांगितली तेव्हा मिस्टर डेल्बर्टना खरंच दिसेनासं व्हायला लागलं होतं, आणि कुणी हसलं नाही.

कारखाना बंद पडून काम परदेशी गेल्यावर मिस मॉडीन घरीच, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी रंगवायच्या. मिस्टर डेल्बर्ट देवदाराचं लाकूड कोरायचे, त्या रंग द्यायच्या, वर लाखेचे हात. शनिवारी संध्याकाळी त्या विचारायच्या, "आज किती घालवलेस?"

"दोन."

"कुठे?"

"आमच्या घरी ठेवून आलोय."

"मग जाशील तेव्हा आण."

आता हे आणणं अशक्य होतं असं नाही. दर हिवाळ्यात धरणाचं पाणी उतरवतात, काठचा चिखल उघडा पडतो, आणि मग सगळं गाव गुडघ्याएवढे बूट घालून चिखलात उतरतं. खोडाखोडांवर वर्षभराची अडकलेली आमिषं लटकत असतात, नाताळाच्या झाडासारखी. चर्चमध्ये एकमेकांना नमस्कार न करणारी माणसं तिथे पक्कड उसनी देतात. पण घरची जागा खोल. तिथपर्यंत पाणी कधी उतरलं नाही, फक्त तीस वर्षांपूर्वी एकदा, धरणाचे दरवाजे बदलले तेव्हा. तेव्हा मिस्टर डेल्बर्टचे पाय धड होते, डोळे धड होते. पण ते गेले नाहीत. मी कारण विचारलं होतं.

"पाणी आहे तोवर खाली घर आहे असं धरून चालता येतं," ते म्हणाले होते. "चिखलात जाऊन काय बघू?"

यंदा नोव्हेंबरात पुन्हा धरणाची दुरुस्ती निघाली. पाणी पंधरा फूट उतरवणार असं छापून आलं. आणि थँक्सगिव्हिंग सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन वाजला.

"मास्तर, उंच बूट आहेत का?"

"आहेत."

"मग घाल की. फोन धरून काय बसलायस?"

एवढंच. तीन महिन्यांचा हिशेब त्यांनी एवढ्यावरच ठेवला, म्हणजे मिटवलाही नाही आणि काढलाही नाही. गाडीत ते रॉड मांडीवर आडवा धरून बसले होते. मी हवेबद्दल बोललो. शाळेच्या फुटबॉल संघाबद्दल बोललो. त्यांनी गांडूळ तळाशी सोडलं होतं. शेवटी न राहवून मी म्हणालो, "मिस्टर डेल्बर्ट, त्या डब्याचं..."

"डावीकडे वळ," ते म्हणाले.

बोट उतरवायचा उतार कोरडा पडला होता, तलाव दूर मध्यावर एका पट्ट्यात उरला होता. बाकी सगळा करडा, भेगाळलेला चिखल. मी त्यांचा कोपर धरला, त्यांनी तो सोडवून घेतला आणि माझा खांदा धरला. वीस मिनिटं आम्ही चाललो. बियरचे डबे, एक खुर्ची, कुणाचा तरी नांगर. शिंपल्यांचा कुबट वास.

"काय दिसतंय?" मध्येच त्यांनी विचारलं.

"पायऱ्या."

"किती?"

"तीन."

"बरोबर. आणि वर?"

वर काय असणार? तीन पायऱ्या चढत होत्या आणि तिसरीवर थांबत होत्या. "वर काही नाही," मी म्हणालो.

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे आकाश."

ते पहिल्या पायरीपाशी उभे राहिले. बुटाच्या टोकाने ती चाचपली. ऐंशी वर्षांनी त्यांचा पाय तिला लागत होता. मग नाक शिंकरून ते कामाला लागले.

"नासपती. पायऱ्यांपासून ईशान्येला एक लांब फेक. दोन मासे आहेत. एक सत्त्याऐंशीचा, एक त्यानंतरचा."

त्यांची सगळी अंतरं फेकीतच होती. मी मनात फुटांचा हिशेब करून चालायला लागलो, बुंधा सापडेना.

"फेक कुणाची धरलीस?"

"माझी."

"मग रस्त्यातच असशील. अजून तेवढंच जा."

गेलो, आणि बुंधा सापडला. त्यावर विकतची आमिषं पंचवीस तरी होती. हल्ली पाण्याखालचं दाखवणारी यंत्रं आली आहेत, त्यामुळे सॅटरफील्डांच्या परसात कोणीही येऊन गळ टाकतो. त्या गर्दीत हाताने कापलेला एक पत्र्याचा ओठ सापडला, मागे मासाच नव्हता. दुसरा सापडलाच नाही. धुराड्याच्या दगडांत एक होता, तो हातात घेताच दोन तुकडे झाला. विहिरीच्या कठड्याशी एक असायला हवा होता. कठडाच गाळात गेला होता. प्रत्येक वेळी मी ओरडून सांगायचो आणि ते पायरीवर बसून मान हलवायचे. अकरा जागांपैकी आठ झाल्या. दुपार कलायला लागली.

नवव्या जागी, जुन्या कुंपणाच्या खांबाशी, चिखलातून एक गंजका गळ वर आला होता. मी बोटांनी उकरलं. अख्खा मासा. ओठासकट, शेपटासकट. मी धावतच निघालो, दोनदा घसरलो, आणि वाटेत डबक्यात तो धुतला.

धुतल्यावर हातात राहिलं ते करडं उघडं लाकूड. पोटाखाली नखाएवढा नारिंगी ठिपका होता, बाकी सगळा रंग गेला होता.

"मिळाला?" ते उठून उभे राहिले होते.

"मिळाला. अख्खा!"

"रंग?"

मी वर पाहिलं. ते माझ्या कानाशेजारच्या हवेकडे बघत होते, म्हणजे माझ्याकडे. त्या चेहऱ्यावर इतकं काही होतं की मी म्हणून गेलो, "आहे."

"कसा?"

"पाठ हिरवी. पोट नारिंगी. बाजूला काळ्या रेघा."

"रेघा किती?"

"सात." आकडा मी ठोकून दिला. गणिताच्या माणसाच्या आकड्यावर सगळ्यांचा विश्वास असतो.

त्यांनी हात पुढे केला. मासा दिला आणि त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं की मी काय केलं. हे लाकूड त्यांनी कोरलेलं होतं. लाखेवरून बोट कसं घसरतं आणि उघड्या लाकडावर कसं अडतं, हे त्यांना डोळ्यांनी कळून घ्यायची गरज नव्हती. अंगठा पाठीवरून डोक्यापासून शेपटापर्यंत गेला. परत आला.

"मॉडीन पाचच काढायची," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "सातही बऱ्या दिसल्या असत्या."

त्यांनी खिशातून नवे गळ काढले, गंजके माझ्याकडून पक्कडीने काढवून घेतले, आणि गाठ मात्र स्वतः मारली. दोरी ओठांत ओली केली, बोटांनी फास घेतला, ओढला. मग माझ्या खांद्यावर भार देऊन तिसऱ्या पायरीवर चढले. दारात उभ्या राहिलेल्या माणसासारखे दिसत होते, मागे दार नव्हतं एवढंच. समोर एका लांब फेकीवर, त्यांच्या फेकीवर, नदीच्या जुन्या पात्रात पाणी उरलेलं होतं.

फेक सुरेख गेली. त्यांनी रीळ फिरवायला घेतलं, दोनचार वेढे झाले आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हलत नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"शेपूट हलत नाही. लाकूड पाण्याने फुगलंय. धोंडा ओढल्यासारखं येतंय."

पुन्हा फेकलं. सावकाश ओढून पाहिलं. जोरात ओढून पाहिलं. रॉडचं टोक खाली धरलं, वर धरलं. माशाचा ओठ दाताने जरा वाकवून फेकलं. एक्केचाळीस वर्षं यंत्रं दुरुस्त केलेल्या माणसाला जे जे सुचेल ते केलं. रॉड हातात मेल्यासारखा राहिला. कुठल्याही माशाने त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही, आणि मीही मासा असतो तर पाहिलं नसतं. दहावी फेक झाली, बारावी झाली. ऊन गेलं, वारा सुटला. शेवटी त्यांनी मासा ओढून घेतला, दोरी दातांनी तोडली, आणि मासा गळांसकट डांगरीच्या छातीवरच्या खिशात घातला.

"गळ काढून देतो," मी म्हणालो, "टोचतील."

"टोचू देत."

आम्ही पायरीवर बसलो. मी डब्यातली बारीक सॉसेजं आणि खारी बिस्किटं आणली होती, वीस वर्षं बोटीत तेच खात आलो. त्यांनी एक बिस्किट घेतलं, अर्धं खाल्लं, अर्धं हातात राहिलं. ग्लेंडाच्या घराला ओसरी नाही, असं ते मध्येच म्हणाले. चौथ्या मजल्यावर आहे. लिफ्ट आहे. तिथून जवळ तलाव नाही, पण नळाला चांगलं पाणी आहे. मी हं हं म्हणत राहिलो. माझ्या मनात दिवसभर एकच गोष्ट होती, आणि आता विचारली नाही तर ती नाताळानंतर नॅशव्हिलला जाणार होती.

"मिस्टर डेल्बर्ट," मी म्हणालो, "डबा खराब केला. आज खोटंही बोललो. तुमचा राग गेला का?"

ते बिस्किटाचा उरलेला तुकडा चावत राहिले. मी थांबलो. या खेपेला मीही थांबायचं ठरवलं होतं, पण मला ते कधीच जमलं नाही.

"गेला का?"

"नाही," ते म्हणाले, "आणि विचारत राहिलास तर जाणारही नाही."